आधी पडद्यावर फोडा: बाथरूमच्या नूतनीकरणाचा आराखडा स्वीट होम थ्रीडीमध्ये

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये संडास आणि बाथरूम वेगळे आहेत. ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत असायचे तसेच: पॅसेजला लागून शेजारी शेजारी दोन दरवाजे, मध्ये चार इंची भिंत, मागे पाइप जाणारा डक्ट. बाबांच्या गुडघ्यांनी उकिडवं बसायला साफ नकार दिला तेव्हा भारतीय भांडं काढून कमोड बसवायचं ठरलं, आणि फोडाफोडी करायचीच आहे तर बाथरूमही नवं करून घेऊ असं आपोआप ठरत गेलं. भावाचं म्हणणं, मधली भिंत पाडून एकच ऐसपैस बाथरूम करू. आईचं म्हणणं, "एक जण अंघोळीला गेला की बाकीच्यांनी काय करायचं?" तीन रविवार हाच वाद चालला. चौथ्या रविवारी मी टेप आणि लॅपटॉप घेऊन बसले.

त्या कामात काय शिकले आणि कुठे चुकले ते इथे क्रमाने लिहिते. तुम्ही आयुष्यात कधी नकाशा काढला नसेल तरी चालेल, मीही काढला नव्हता.

कोणतं सॉफ्टवेअर?

स्वीट होम थ्रीडी. एमान्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते लिहिलं असून २००६ पासून ते उपलब्ध आहे. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि जुन्या लॅपटॉपवरही धापा टाकत नाही. स्केचअप जास्त ताकदवान आहे, पण एका बाथरूमसाठी ते शिकायला बसलात तर बाथरूम पुढच्या दिवाळीवर जाईल. मोबाइलवरची ॲप दिसायला छान असतात, पण बोटाने भिंत ओढताना दोन सेंटिमीटर इकडे तिकडे होतात, आणि बाथरूममध्ये सगळा खेळ त्या दोन सेंटिमीटरचाच असतो.

प्रोग्रॅम उघडला की चार भाग दिसतात. डावीकडे वर वस्तूंचा कॅटलॉग, त्याखाली तुम्ही वापरलेल्या वस्तूंची यादी, उजवीकडे वर नकाशा, त्याखाली तोच नकाशा त्रिमितीत. काम सगळं नकाशात करायचं. खालचं चित्र आपोआप बनत जातं. पहिल्यांदा प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकक सेंटिमीटर करा. भिंतीची उंचीही तिथेच बदला. मूळची २५० सेंटिमीटर असते, तुमच्या घरातली मोजून टाका.

मापं घेणं

निम्मं काम इथेच आहे आणि घाई इथेच होते. स्टीलचा पाच मीटरचा टेप, वही, आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागतो.

प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा: जमिनीपाशी, कमरेइतक्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. तिन्ही आकडे सारखे आले तर तुमचा बिल्डर संत होता. आमच्याकडे एका भिंतीत दीड सेंटिमीटरचा फरक निघाला. अशा वेळी सगळ्यात लहान आकडा धरायचा, कारण वस्तू बसायची ती तिथेच अडते.

मग कर्ण मोजा. बाथरूम आतून १२२ गुणिले १८३ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट बाय सहा फूट. कोपरे काटकोनात असते तर दोन्ही कर्ण २२० यायला हवे होते. आमचा एक २२२ आला, दुसरा २१८. म्हणजे खोली किंचित तिरकी आहे. पडद्यावर ती मी सरळच काढली, पण हा तिरकेपणा वहीत लाल शाईने लिहून ठेवला. टाइल्स लावताना मिस्त्रीला तो आधी माहीत असलेला बरा.

यानंतर ज्या गोष्टी हमखास राहून जातात त्या:

दरवाजाची चौकट कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, पान किती रुंद आहे, आणि बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत. व्हेंटिलेटर जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतो. छताखाली बीम आहे का, असल्यास किती खाली येतो. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचं पाणी वाहून जायची जाळी, दोन्ही भिंतींपासून किती अंतरावर आहे. प्रत्येक नळाची उंची. आणि जमिनीच्या पातळ्या. आमचा संडास बाथरूमपेक्षा १२ सेंटिमीटर उंच आहे, कारण त्या काळी संडासाचा स्लॅब पुरेसा खाली घेतलेला नसे आणि भांडं बसवायला पायरी करत. तीस वर्षं ती पायरी आम्ही चढत होतो, पण ती कोणाला "दिसली" नव्हती.

प्रत्येक भिंतीचा टेप लावूनच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी नकाशा काढताना "हा आकडा ७ की १" असा प्रश्न पडतो, तेव्हा फोटो कामाला येतो.

एक सूचना: ठेकेदार आणि मिस्त्री फूट-इंच आणि सूत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. तुम्ही मात्र सेंटिमीटरमध्येच काम करा, बेरीज-वजाबाकी सोपी पडते. शेवटी प्रेफरन्सेसमध्ये एकक बदललं की अख्खा नकाशा फूट-इंचात दिसतो.

भिंती

वरच्या पट्टीत भिंत काढायचं बटण आहे. ते दाबून नकाशात एक क्लिक करा, माउस सरकवा, आणि लांबी हाताने टाकायची असेल तर एंटर दाबा; चौकट उघडते, तिथे आकडा आणि कोन लिहा. शेवटच्या कोपऱ्यावर डबल क्लिक केलं की भिंत संपते. माउस सरळ रेषेला आणि कोपऱ्यांना चिकटत जातो, त्यामुळे हात थरथरला तरी बिघडत नाही.

आता नवशिक्याचा पहिला खड्डा, ज्यात मी पडले. या प्रोग्रॅममध्ये भिंत तिच्या मधल्या रेषेवरून काढली जाते. तुम्ही १२२ लिहिलंत तर ते माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं होतं आणि आतली खोली त्याहून लहान होते. म्हणून आतल्या मापात दोन्हीकडच्या भिंतींची अर्धी अर्धी जाडी मिळवायची. आमच्या मागच्या भिंतीची जाडी प्लास्टरसकट २५, पॅसेजकडची १२.५. म्हणजे १२२ अधिक १२.५ अधिक ६.२५, एकूण १४०.७५. हे कळेपर्यंत माझं बाथरूम एका कपाटाएवढं झालं होतं आणि कमोड त्यात मावत नाही म्हणून मी उगीच हवालदिल झाले होते.

बरोबर झालं की नाही हे तपासायची सोपी युक्ती: खोली काढायचं बटण निवडून चार भिंतींच्या आत डबल क्लिक करा. जमीन तयार होते आणि क्षेत्रफळ लिहून येतं. १.२२ गुणिले १.८३ म्हणजे २.२३ चौरस मीटर. तेवढं आलं तर पुढे चला.

दरवाजा कॅटलॉगमधून उचलून भिंतीवर सोडला की तो भिंतीत बसतो. त्यावर डबल क्लिक करून रुंदी बदला. तो उलट्या बाजूला उघडत असेल तर आरशातल्यासारखा उलटा करायचा पर्याय त्याच चौकटीत आहे. व्हेंटिलेटरसाठी साधी खिडकी घ्या आणि तिची जमिनीपासूनची उंची टाका. नकाशात दरवाजासोबत एक पाव वर्तुळाची कमान दिसते, म्हणजे पान फिरायला लागणारी जागा. तिला विसरू नका, आमचा वाद तिनेच मिटवला.

संडासातली पायरी दाखवायला मी कॅटलॉगमधला साधा ठोकळा घेतला, ९१ गुणिले १२२, उंची १२, आणि जमिनीवर ठेवला. अशा ठोकळ्यांशी मैत्री करा. कॅटलॉग युरोपी घरांसाठी बनलेला आहे. त्यात बाथटब आहे, पण बादली, पाट, कपडे धुवायचा दगड असलं काही नाही. भारतीय भांडंही मला त्यात सापडलं नाही. साधारण ५८ गुणिले ४४ चा चपटा ठोकळा ठेवला आणि काम भागवलं.

इथवर जे झालं ते "आहे तसं" या नावाने साठवा आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नका. प्रत्येक नवा विचार त्याच फाइलची प्रत काढून करायचा.

कमोड कुठे, दरवाजा कुठे

पहिली प्रत: दोन्ही खोल्या वेगळ्याच ठेवून भांड्याच्या जागी कमोड. कॅटलॉगमधला कमोड ओढून आणला आणि त्याची मापं बदलली. मापं दुकानदाराला विचारू नका, तो "स्टँडर्ड साइज" म्हणतो. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलचं तांत्रिक रेखाचित्र असतं, त्यातून घ्या. आम्ही पाहिलेला कमोड ३६ रुंद आणि भिंतीपासून ६८ पुढे येणारा होता.

संडास १२२ खोल. त्यातून ६८ गेले, पुढे उरले ५४. बसायला आणि उठायला ते पुरतात, २१ इंचांहून थोडे जास्तच आहेत. पण दरवाजाचं पान ६८ चं आणि ते आत उघडतं! नकाशात कमान सरळ कमोडवरून गेली. भारतीय भांडं जमिनीलगत असतं, त्यावरून पान आरामात फिरायचं, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. कमोड बसवून झाल्यावर हे कळलं असतं तर दरवाजा अर्धाच उघडला असता आणि बाबांना आडवं होऊन आत शिरावं लागलं असतं.

भाऊ खूश झाला. "बघ, भिंत पाडायलाच हवी."

म्हणून दुसरी प्रत: मधली भिंत निवडली आणि डिलीट दाबलं. १८३ अधिक ९१ अधिक भिंतीचे १२.५, लांबी २८६.५ झाली, क्षेत्रफळ ३.५ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता एकत्रित बाथरूमला किमान २.८ चौरस मीटर आणि १.२ मीटर रुंदी मागते, त्यात ते बसलं. कागदावर झकास. मग त्रिमितीत पाहिलं तर खोलीच्या मधोमध १२ सेंटिमीटरची पायरी! ओल्या बाथरूममध्ये, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या वाटेत. पायरी काढता येईल का असं प्लंबरला विचारलं, तर तिच्या खालूनच मैला वाहून नेणारा पाइप डक्टकडे जातो; तिला हात लावायचा तर पाइपचा उतार बदलायला हवा, आणि तो बदलायला खाली जागा नाही.

तिसरी प्रत: खोल्या वेगळ्या, संडासाचा दरवाजा बाहेर उघडणारा. आमचा पॅसेज ९५ रुंद आहे, ६८ चं पान त्यात फिरतं. फक्त एका बाजूने ते पॅसेजमधल्या बेसिनला थडकत होतं, म्हणून बिजागऱ्यांची बाजू बदलली. बाहेर उघडणाऱ्या दरवाजाचा आणखी एक फायदा आहे: आत कोणी घसरून पडलं तर आत उघडणारा दरवाजा त्या माणसालाच अडतो आणि मदत आत पोचत नाही. घरात वयस्क मंडळी असतील तर या एका कारणासाठीसुद्धा दरवाजा बाहेर घ्या.

आणि ९१ ही रुंदी, जिला आम्ही इतकी वर्षं नावं ठेवली, ती इथे कामाची ठरली. कमोड मधोमध ठेवला की दोन्ही भिंती मध्यापासून साडेपंचेचाळीस सेंटिमीटरवर येतात. बसल्या जागेवरून दोन्ही हातांनी आधाराची दांडी धरता येते. मोठ्या बाथरूममध्ये एका बाजूला तरी भिंत लांब गेली असती. दांडीची उंची मात्र पुस्तकातली घेऊ नका. बाबांना कमोडच्या उंचीच्या खुर्चीवर बसवलं, हात टेकून उठायला सांगितलं, आणि हात जिथे गेला तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. तीच उंची मॉडेलमध्ये टाकली. पायरीपाशी पॅसेजमध्ये एक उभी दांडीही लावली.

तीन प्रती शेजारी शेजारी उघडून आईला दाखवल्या. तिने चष्मा लावून पाहिल्या आणि "मी हेच म्हणत होते" एवढंच म्हणाली.

भिंतीवर टांगायच्या कमोडने जागा वाचते असं सगळे सांगतात. मॉडेलमध्ये करून पाहा. भांडं लहान असतं खरं, पण टाकी लपवायला मागे १२-१५ सेंटिमीटरची खोटी भिंत उभारावी लागते. आमच्या हिशेबात फार तर दोन-तीन सेंटिमीटर वाचत होते. खालची जमीन पुसायला सोपी जाते हा फायदा खरा. जागेचा फायदा टाकी भिंतीच्या पोटात बसवता आली तरच.

कमोड विकत घेण्याआधी एक माप नक्की करा: बाहेर जाणारा पाइप जमिनीत आहे की मागच्या भिंतीत. जमिनीत असेल तर एस-ट्रॅपचा कमोड लागतो, आणि तयार भिंतीपासून त्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर जुळावं लागतं; बाजारात ते चार, नऊ किंवा बारा इंचांचं मिळतं. भिंतीत असेल तर पी-ट्रॅप. पाइपच्या जागी नकाशात एक छोटं वर्तुळ ठेवा आणि शेजारी अंतर लिहा. इथे चुकलात तर कमोड भिंतीपासून वीतभर पुढे बसतो आणि मागे कायमची धूळ साठते.

बाथरूमची उभी मापं

नकाशात वरून पाहताना उंची विसरायला होते. शॉवर, डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारी कळ), बादलीचा नळ, गीझर, एक्झॉस्ट फॅन, टॉवेल रॉड या सगळ्यांसाठी छोटे ठोकळे घ्या आणि प्रत्येकाला जमिनीपासूनची उंची द्या. शॉवर २१० वर, डायव्हर्टर शंभरच्या आसपास. बादलीचा नळ ठरवताना आधी तुमच्या घरातली बादली मोजा. तोंड नळाखाली सहज सरकायला हवं आणि उचलताना कडी अडकायला नको. आम्ही ६० वर घेतला.

मग व्हर्च्युअल व्हिजिटर चालू करा. नकाशात एक माणूस येतो, त्याच्या डोळ्यांनी खालचं चित्र दिसतं. त्याच्या डोळ्यांची उंची बदलता येते. ती बाबांच्या उंचीची केली आणि दारातून आत आणलं, तर गीझर बरोब्बर कपाळासमोर. पंधरा लिटरचा गीझर मी दाराजवळच्या कोपऱ्यात, हाताला येईल असा लावला होता. तो शॉवरपासून लांब पण वर, बीमच्या खाली सरकवला. स्टुलावर बसून अंघोळ करणाऱ्या माणसाची उंची टाकूनही एकदा फिरून या. साबणाची जाळी कुठे हवी ते तेव्हाच कळतं.

विजेबद्दल थोडक्यात: गीझर साधारण दोन हजार वॉटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या, स्विच बाथरूमच्या बाहेर घ्या आणि वीज गळली की पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. नकाशात स्विचबोर्डाची जागा लिहा.

टाइल्स: दोन सेंटिमीटरची गोष्ट

लोक टाइल्सचा रंग बघायला मॉडेल करतात. मी म्हणेन, तुकडे बघायला करा.

आवडलेल्या टाइलचं चित्र मिळवा आणि ते टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर पसरायचं चित्र, म्हणून आयात करा. आयात करताना खरी रुंदी आणि उंची विचारली जाते; तिथे ६० आणि ३० टाकलं की भिंतीवर टाइल्स खऱ्या आकारात दिसतात. चित्राच्या कडेला आधी एक बारीक राखाडी रेघ ओढून घ्या, नाहीतर सांधे दिसत नाहीत आणि सगळी खटपट वाया. भिंतीवर डबल क्लिक केल्यावर डाव्या आणि उजव्या बाजूचं टेक्स्चर वेगवेगळं देता येतं, म्हणजे बाथरूमच्या बाजूला टाइल आणि पॅसेजच्या बाजूला रंग.

आमच्या १२२ च्या भिंतीवर ६० च्या दोन टाइल्स आडव्या बसल्या आणि कोपऱ्यात दोन सेंटिमीटरची चिंधी उरली. १८३ च्या भिंतीवर तीन टाइल्स आणि तीन सेंटिमीटर. हे तुकडे कापताना टाइल फुटते, आणि लागले तरी दिसतात भयंकर.

पहिला उपाय मला सुचला तो असा: टाइल्स मध्यावर धरायच्या आणि दोन्ही कोपऱ्यांत सारखे तुकडे ठेवायचे. १२२ च्या भिंतीवर ३१, ६०, ३१. १८३ वर दोन अख्ख्या आणि कडेला साडेएकतीसचे दोन. दिसायला सुरेख. पण हिशेब करा. साठातून एकतीस कापले की उरलेला एकोणतीसचा तुकडा कुठेच चालत नाही. म्हणजे लहान भिंतीला एका ओळीत तीन टाइल्स, मोठीला चार. चारही भिंतींची एक ओळ चौदांची. २१० उंचीपर्यंत अशा सात ओळी, ९८ टाइल्स. दरवाजा वजा केला तरी नव्वदच्या आसपास. दुकानात मात्र चौरस मीटरवर हिशेब होतो: दरवाजा आणि व्हेंटिलेटर सोडून सुमारे ११ चौरस मीटर, एक टाइल ०.१८ ची, म्हणजे ६१, दहा टक्के जादा धरून ६७. वीस-बावीस टाइल्स कमी पडल्या असत्या, आणि परत आणायला गेलं की त्याच बॅचचा रंग मिळत नाही.

हा कागद मिस्त्रींना दाखवला. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ताई, दोन सेंटिमीटर मसाल्यात घालवतो की." जुन्या टाइल्स काढल्यावर भिंतीला सिमेंट-वाळूचा नवा मसाला लागतोच, दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर जास्त घेतला की १२२ चे १२० होतात, दुसऱ्या बाजूला दीड-दीड घेतला की १८३ चे १८०. लहान भिंतीला दोन अख्ख्या, मोठीला तीन. ओळ दहांची, दरवाजा सोडून सगळ्या मिळून त्रेसष्टच्या घरात, मोडतोड धरून सत्तर. जमिनीला ३० गुणिले ३० च्या अँटी-स्किड टाइल्स: चार गुणिले सहा, चोवीस. शिवाय तिरक्या खोलीचा कोपरा त्याच मसाल्यात सरळ झाला. मी घरी येऊन मॉडेल १२० गुणिले १८० चं केलं आणि सगळ्या भिंती एकही तुकडा न राहता भरल्या. त्या रात्री बराच वेळ नुसतं ते चित्र फिरवून बघत बसले होते.

तुमची मापं वेगळी असणार, कदाचित मसाल्यात जिरणार नाहीत. पण टाइलचा आकार ठरवण्याआधी ३० गुणिले ४५, ३० गुणिले ६० आणि ६० गुणिले ६० असे तीन आकार भिंतीवर लावून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

फोटोसारखं चित्र बनवायची सोय आहे, दिवे लावून, सूर्यप्रकाश टाकून. हौस असेल तर करा. मिस्त्रीला त्याचा उपयोग नसतो.

मॉडेलमध्ये न दिसणारं

जमिनीचा उतार या प्रोग्रॅममध्ये सहज दाखवता येत नाही. म्हणून नकाशात नहाणी ट्रॅपकडे जाणारे बाण काढा (रेषेच्या टोकाला बाण लावता येतो) आणि शेजारी लिहा: शंभराला एक. १८० सेंटिमीटरच्या लांबीत म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. ट्रॅप दाराजवळ नको. पाणी उंबऱ्याकडे धावतं.

जमिनीखालचं तर काहीच दिसत नाही, आणि पैसा निम्मा तिथेच जातो. फोडणं, मग नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप, नळाच्या पाइपांना दाब देऊन तपासणं, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून ठेवणं, मग कोबा (टाइल्सखालचा थर), शेवटी टाइल्स. हा क्रम नकाशाच्या कडेला मजकूर म्हणून लिहून टाका आणि पाणी भरून ठेवायच्या पायरीपुढे किमान ४८ तास असं ठळक लिहा. त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे स्वतः बघून या. चहाही मिळतो.

फोडण्याआधी सोसायटीला पत्र द्या आणि त्याला नकाशा जोडा. संडासाची जागा बदलत नाही, भिंत पाडत नाही हे चित्रात दिसलं की कमिटीचे प्रश्न कमी होतात. तुम्ही भिंत पाडणार असाल तर ती नुसती विटांची आहे की आत काँक्रीटचा खांब आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा लावू नका. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात आणि सारख्याच डिलीट होतात.

मिस्त्रीच्या हातात द्यायचा कागद

मापाचं बटण वापरून नकाशात अंतरं लिहा, सगळी भिंतींच्या आतल्या कडेपासून. एकक फूट-इंच करून एक प्रत आणि सेंटिमीटरमध्ये एक प्रत, दोन्ही पीडीएफ करून छापा. चार भिंतींची समोरून दिसणारी चित्रं मी आलेखाच्या कागदावर हाताने काढली, प्रत्येक नळ कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती. इथे "जमीन" म्हणजे तयार टाइलची जमीन, हे लिहायला विसरू नका. प्लंबर काम करतो तेव्हा जमीन फोडलेली असते आणि तो फोडलेल्या जमिनीपासून मोजतो. आमचा बादलीचा नळ असाच खाली जाणार होता. भिंतीवर आधी तयार जमिनीची रेघ आखून घ्या आणि सगळी मापं तिच्यावरून.

वस्तूंच्या यादीत किमतीचा रकाना आहे. तो भरून यादी बाहेर काढली की स्प्रेडशीटमध्ये उघडते. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाशी ती ताडून पाहा. आमच्या अंदाजपत्रकात अँगल कॉक (भिंतीपाशी पाणी बंद करायचे छोटे नळ) दोनदा धरले होते.

आमच्या मिस्त्रींनी कागद चिकटपट्टीने पॅसेजच्या भिंतीवर लावला आणि प्रत्येक मापाशेजारी पेन्सिलीने सुतात आकडा लिहिला. कामाच्या पंधरा दिवसांत त्याच्यावर सिमेंटचे इतके हात उमटले की शेवटी दुसरा छापावा लागला.

टाइल्स लागण्याआधी, पाइप उघडे असतानाच, प्रत्येक भिंतीचा टेप धरून पुन्हा फोटो काढा आणि काम संपल्यावर मॉडेलमध्ये पाइप जिथे खरोखर गेले तिथे रंगीत रेषा ओढा. फाइल, पीडीएफ आणि फोटो एका फोल्डरमध्ये घालून घरातल्या सगळ्यांना पाठवा. सहा महिन्यांनी कोणीतरी टॉवेल रॉड लावायला ड्रिल घेऊन येईल, तेव्हा भोक पाडण्याआधी ते उघडून बघा.